उणे पस्तिशीतली पागा

इथे घोड्यांच्या हिवाळ्याची तयारी जुलैत सुरू होते. बाहेर गवत गुडघाभर वाढलेलं असतं, रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि मी चारा विकणाऱ्या शेतकऱ्याला फोन करून विचारत असते: पहिली कापणी झाली का, वाळत घातलेल्या गवतावर पाऊस पडला का, गठ्ठे किती दिवसांनी बांधले. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरी शहराच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांत आमची थोडी जमीन आहे आणि तिच्यावर दोन घोडे. पेनी ही ऐन उमेदीतली, कुमैत रंगाची घोडी. दुसरा ड्यूक, पंचविशीला टेकलेला खच्ची घोडा, जो आम्हाला जमिनीबरोबरच मिळाला. आधीच्या मालकांना शहरात राहायला जायचं होतं, आणि या वयाच्या घोड्याला ठेवून घेणार कोण? माझी आई वाईहून फोनवर त्याला ड्यूकराव म्हणते.

ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत कुरणात खाण्यासारखं काही उरत नाही. पाचशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे दहा किलो सुका चारा लागतो. दोघांचे वीस किलो धरले तर सगळ्या हिवाळ्याचे साडेचार टन होतात, आणि कडाक्याच्या आठवड्यांसाठी मी वर आणखी एक टन घेते. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला, चाऱ्याचे भाव भडकले, आणि पैसे मोजायची तयारी असूनही लोकांना चारा मिळेना. तेव्हापासून इथे कोणी सप्टेंबरपर्यंत थांबत नाही.

चारा घेताना मी एक गठ्ठा सोडून दाखवायला सांगते आणि आत कोपरापर्यंत हात घालते. मधलं गवत ऊबदार लागलं तर तो ओला बांधलाय, परत. अशा गठ्ठ्यात बुरशी धरते, खाताना ती धूळ होऊन उडते आणि घोड्याला दम्यासारखा खोकला लागतो. शिवाय दमट चाऱ्याची गंजी आतून तापत जाऊन आपोआप पेट घेते, हा इथल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा धसका आहे. मला हवा असतो तो टिमथी आणि ब्रोम गवताचा चारा, त्यात थोडा लसूणघास. निव्वळ लसूणघास पेनीला सोसत नाही. ती दोन आठवड्यांत गोल होते आणि तिला आवरणं अवघड जातं.

एवढं चाऱ्याचं पुराण लावलं, कारण घोड्याची ऊब त्याच्या पोटातून येते. हे मला शेजारच्या आजीबाईंनी शिकवलं. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, सगळा जन्म गुराघोड्यांत गेलाय, बोलणं मोजकं. थंडी वाढली की चंदी वाढवायची ना, असं मी विचारलं होतं. आपल्याकडे घोडा म्हटला की हरभरा आणि तोबराच डोळ्यांसमोर येतो. त्या म्हणाल्या, दाणा राहू दे, चारा टाक, आणि रात्रीचा सगळ्यात जास्त टाक. घोड्याचं जठर तसं लहान, खरं काम मागे मोठ्या आतड्यात चालतं. तिथले जिवाणू चाऱ्यातला चोथा आंबवतात आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. शेणखताचा ढीग भर थंडीत आतून वाफाळतो, तसाच प्रकार. दाणा बराचसा आधीच, लहान आतड्यात पचून जातो. त्यातून ताकद मिळते, पण रात्रभर पुरणारी धग मिळत नाही. आणि दाणा एकदम वाढवला तर पोटशूळ तरी उठतो, नाहीतर खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा लंगडतो.

इथल्या हवेला सरावलेल्या, दाट केस आलेल्या घोड्याला साधारण उणे १५ अंशांपर्यंत ऊब राखायला जास्तीचं काही लागत नाही. त्याखाली पारा गेला की दर अंशामागे दोन-अडीच टक्के जास्त अन्न लागतं. उणे ३५ म्हणजे वीस अंश खाली, तेव्हा खुराकात चाळीस-पन्नास टक्क्यांची भर. म्हणजे दहा किलोचे चौदा-पंधरा किलो. हवामानाचा अंदाज बघून मी ही भर थंडी येण्याच्या आदल्या दिवसापासूनच घालते, कारण आंबायला वेळ लागतो. बारीक भोकांच्या जाळ्यांत चारा भरून ठेवते. एकेक काडी ओढून खावं लागतं म्हणून तो पहाटेपर्यंत पुरतो.

आईला अर्थात हे पटत नाही. "अगं, एवढ्या बर्फात मुकं जनावर बाहेर ठेवलंस? अंगावर काही घाल की त्याच्या!" पाचगणीच्या टेबललँडवर थंडीच्या दिवसांत घोडेवाले घोड्यांच्या पाठीवर पोतं टाकतात, हे तिनं आयुष्यभर पाहिलंय. त्यात चुकीचं काही नाही. आखूड केसांच्या, उबदार हवेत वाढलेल्या घोड्याला पाच अंशांखालीच थंडी वाजायला लागते. पण इथल्या घोड्याचे केस ऑगस्टपासूनच वाढायला लागतात, आणि ते थंडीमुळे नव्हे, दिवस लहान होऊ लागले म्हणून. नोव्हेंबरात पेनीच्या अंगात बोटं घातली तर पेरापर्यंत बुडतात. थंडी वाढली की प्रत्येक केस मुळाशी ताठ उभा राहतो आणि मध्ये हवा अडकते. तिच्या पाठीवर चार बोटं बर्फ साचतो आणि तासन्‌तास वितळत नाही. नवख्या माणसाला ते बघून कळवळा येतो. मला ते बघून बरं वाटतं, कारण आतली उष्णता बाहेर जात नाही याचा तो पुरावा आहे.

त्या केसांवर पातळशी झूल टाकली तर ते दबतात, अडकलेली हवा जाते, आणि जनावराचं आपलं पांघरूण काढून घेऊन त्याहून हलकं दिल्यासारखं होतं. म्हणून पेनीला झूल नाही. ड्यूकला आहे, कारण त्याच्या अंगावर चरबी राहत नाही. त्याची झूल जाड, आत अस्तर भरलेली, बाहेरून पाणी न शोषणारी. ती घातली की झालं, असं मात्र नाही. रोज काढायची, खांद्यावर आणि पाठीच्या उंचवट्यावर घासतेय का बघायचं, खरारा करायचा, आतून ओली तर नाही ना हे हात फिरवून पाहायचं आणि परत घालायची. उणे २५ मध्ये गोठलेल्या बकला उघड्या बोटांनी सोडवणं हे माझ्या हिवाळ्यातलं सर्वांत नावडतं काम आहे. आणि झुलीखाली, किंवा दाट केसांखाली, घोडा वाळत चाललाय हे नुसत्या नजरेला कळत नाही. हातमोजा काढून बरगड्या चाचपाव्या लागतात. हलक्या दाबाला बरगडी लागली पाहिजे, पण दिसता कामा नये. हेनेके यांनी १९८३ मध्ये बसवलेली एक ते नऊ अशी अंगभरतीची मोजपट्टी इथले सगळे वापरतात. हिवाळ्यात शिरताना पेनी सहावर असावी असा माझा प्रयत्न असतो, ड्यूक पाचावर राहिला तरी मी समाधानी.

घोड्याला खरी मारते ती ओल. कोरडी उणे २० त्याच्या खिजगणतीत नसते, पण ऑक्टोबरात किंवा एप्रिलमध्ये एक-दोन अंशांवर पाऊस आणि पाणचट बर्फ एकत्र पडतो, वारा सुटतो, केस चिकटून कातडीपर्यंत भिजतात, आणि तेव्हा तरुण घोडासुद्धा थडथडतो. त्यासाठी निवारा लागतो. आमचा तीन भिंतींचा आहे, चौथी बाजू दक्षिणेला उघडी, कारण गार वारा येतो उत्तरेकडून आणि वायव्येकडून. दोघांना मिळून बारा बाय चोवीस फूट. लांबीला कमी ठेवला तर वरचढ घोडा दाराशी उभा राहतो आणि दुसरा बाहेर भिजतो. आमच्याकडे वरचढ पेनी, आणि ती ड्यूकच्या म्हातारपणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

जमिनीवर बांधलेली एक बंद पागाही होती. आम्ही राहायला आलो तेव्हा नवऱ्याची पहिली सूचना होती की फटी बुजवू, दार घट्ट करू, आत हीटर ठेवू. पशुवैद्य बाईंनी आत पाऊल टाकलं, वर बघितलं आणि छताच्या पत्र्यावरून टपकणारे थेंब दाखवले. दोन घोड्यांच्या श्वासातली वाफ आणि मुताचा अमोनिया बंद जागेत कोंडतो, आणि फुप्फुसं थंडीपेक्षा त्यानं जास्त खराब होतात. गुडघे टेकून घोड्याच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेऊन बघा, म्हणाल्या. घेतला, डोळ्यांतून पाणी आलं. आता त्या पागेच्या वरच्या खिडक्या हिवाळाभर उघड्या असतात आणि आत बहुतेक वेळा चारा असतो.

इतकं झाल्यावर पाण्याकडे येते, कारण माझ्या मते हिवाळ्यातली निम्मी दुखणी तिथे सुरू होतात. हिरव्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, सुक्या चाऱ्यात दहा-पंधरा. म्हणजे थंडीत घोड्याला प्यायला जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच त्याला प्यावंसं वाटत नाही. रोज पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पोटात गेलं नाही तर आतड्यातला चोथा सुकतो आणि अडकतो. बर्फ खाऊन भागेल असं काही जण म्हणतात. पण लिटरभर पाण्यासाठी बादलीभर भुसभुशीत बर्फ खावा लागेल, आणि तो वितळवायला पोटातलीच ऊब खर्ची पडेल. गोठण्याच्या बेतातल्या पाण्यापेक्षा थोडं कोमट पाणी घोडे बरंच जास्त पितात, म्हणून टाकीत विजेचा हीटर सोडलेला असतो.

एका जानेवारीत, थंडी उणे २८ च्या आसपास रेंगाळत असताना, पेनीची लीद बदलली. ती मी रोज उचलते, त्यामुळे तिचा आकारउकार मला पाठ आहे. एरवी ओलसर, हिरवट गोळे, पडल्यावर फुटणारे. त्या आठवड्यात ते लहान आणि कडक झाले, वर चिकट चकाकी, आणि ढकलगाडी रोजच्याइतकी लवकर भरेनाशी झाली. तिसऱ्या प्रहरी तिनं चारा अर्धवट सोडला. संध्याकाळी ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, वरचा ओठ उलटा करायची, पुढच्या पायानं बर्फ उकरायची. कुशीला कान लावला. घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. मिनिटभर ऐकलं, एकदाच काहीतरी वाजलं. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजले, बावन्न. निवांत उभ्या घोड्याचे चाळिसाच्या आसपास किंवा त्याखाली असतात. हिरडीवर बोट ठेवलं तर ओलं लागण्याऐवजी चिकटलं.

पशुवैद्य बाई तासाभरात आल्या. गुंगीचं आणि दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, मागून हात घालून तपासलं. मोठं आतडं डावीकडे वळसा घेऊन जिथे अरुंद होतं तिथे गच्च साठलं होतं; नेहमीची जागा आहे ती. मग नाकातून जठरापर्यंत नळी घालून क्षार मिसळलेलं कोमट पाणी आणि तेल सोडलं. मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात मी बादली धरून उभी, नळीवर सांडलेलं पाणी बघता बघता गोठत होतं. चारा बंद, थोडं थोडं चालवा, म्हणाल्या. पहाटे दोनला लीद पडली. तेव्हा मी जो आनंद केला त्याची नवरा अजून नक्कल करतो.

जाताना त्यांनी विचारलं होतं, पाणी किती पितेय? टाकी दोघांची एकच, मी पाइपनं भरते, त्यामुळे कोण किती पितं ते सांगता येईना. सकाळी टाकीजवळ खुर्ची टाकून बसले. पेनी आली, मान खाली घातली, ओठ पाण्याला लागले न लागले तोच झटक्यानं डोकं वर. नाक फुरफुरलं, दोन पावलं मागे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी हात घालून बघितला, पाणी कोमट, मला काहीच जाणवलं नाही. शेजारच्या आजीबाईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या माझ्या पायांकडे बघितलं, तुझ्या पायात रबरी बूट आहेत ना, म्हणाल्या, आणि गाडीतून व्होल्टमीटर काढला. एक टोक पाण्यात, दुसरं जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला. काटा हलला. हीटरचं वेष्टन तडकून पाण्यात थोडी वीज उतरत होती. माणसाला मुंग्यासुद्धा येणार नाहीत एवढी, पण अनवाणी चार पायांवर उभं राहून ओल्या ओठांनी पाण्याला शिवणाऱ्या जनावराला पुरेशी. पेनी थोडंफार बर्फ चाटून दिवस काढत होती.

मग ड्यूक कसा ठीक राहिला? त्याला सकाळ-संध्याकाळ भिजवलेला पातळ आंबोण मिळतो, दर वेळी बादलीभर पाण्यातला. त्याला टाकीची फारशी गरजच पडत नव्हती, आणि तो ठणठणीत दिसत होता म्हणून पाण्यावर कोणाचा संशय गेला नाही.

वीजवाल्यानं हीटर आणि केबल बदलली, गळती होताच वीज तोडणारं सॉकेट बसवलं. अर्थिंगची सळई मात्र मे महिन्यात ठोकली, कारण जानेवारीत इथे जमिनीत कुदळही जात नाही. आणि दुरुस्तीनं प्रश्न लगेच मिटला असंही नाही. पेनीचा त्या टाकीवरचा विश्वास उडाला होता. स्वयंपाकघरातून गरम पाण्याच्या बादल्या नेऊन आधी निवाऱ्यात, मग रोज थोडं टाकीकडे सरकवत, शेवटी टाकीला टेकवून ठेवली, तेव्हा कुठे ती पुन्हा तिथे प्यायला लागली. आता मी प्रत्येक कडाक्याच्या आधी हातमोजा काढून, एक हात पत्र्याच्या कुंपणाला लावून दुसरा पाण्यात घालते. नवऱ्याच्या मते हा वेडेपणा आहे आणि व्होल्टमीटर त्यासाठीच विकत आणलाय. त्याचं बरोबर आहे, तो व्होल्टमीटर वापरतो.

तहान लागावी म्हणून मीठही लागतं. मिठाची दगडासारखी लादी थंडीत कोणी फार चाटत नाही, म्हणून रोज दोन चमचे सुटं मीठ आंबोणात घालते.

२०२४ च्या जानेवारीतली थंडी इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. पारा उणे पस्तिशीच्या खाली गेला, उत्तरेकडे चाळिशीच्याही. १३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. अल्बर्टाच्या वीजजाळ्यावर ताण आलाय, अत्यावश्यक तेवढंच चालू ठेवा, नाहीतर पाळीपाळीनं वीज तोडावी लागेल. आम्ही दिवे मालवले, ओव्हन बंद केला, मोटारीचं इंजिन गोठू नये म्हणून लावलेल्या हीटरची तार काढली. टाकीच्या हीटरपाशी येऊन थांबलो. तो काढला तर एवढ्या थंडीत सकाळपर्यंत फोडण्यासारखा बर्फ, आणि पेनीचा इतिहास ताजा. हीटर ठेवला, बाकी घर अंधारात. लोकांनी खरंच वापर कमी केला आणि वीज तोडायची पाळी आली नाही.

त्या रात्री बॅटरी घेऊन बघायला गेले तर दोघंही निवाऱ्यात नव्हते. उघड्यावर, ढुंगण वाऱ्याकडे करून, शेपटी पायांत घालून, माना खाली. पापण्यांवर पांढरं, नाकपुड्यांभोवतीच्या केसांना बर्फाचे मणी. पेनीच्या आयाळीखाली हात घातला आणि तिथेच ठेवावासा वाटला इतकं ऊबदार होतं. कानांची टोकं तेवढी गार. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतं, हाडं आणि दोरीसारख्या कंडरा, त्यामुळे पायांना थंडी फारशी बाधत नाही हेही मी त्या सुमारास शिकले. सनड्री या गावाच्या पश्चिमेला जंगलात मोकाट घोड्यांचे कळप आहेत, त्यांना ना टाकी, ना जाळी; टापांनी बर्फ उकरून खालचं गवत खातात. पण त्यांचा दाखला देऊन कोणी मला "घोड्याला काही लागत नाही" म्हणालं की मी विचारते, त्यांच्यातली किती शिंगरं आणि किती म्हातारे घोडे एप्रिल बघतात?

थंडीपेक्षा मला धास्ती चिनूकची. रॉकीवरून उतरणारा हा कोरडा गरम वारा काही तासांत पारा वीस अंशांनी वर नेतो. पश्चिमेच्या आकाशात ढगांची लांब कमान दिसली आणि तिच्याखाली निळी पट्टी उघडली, की धावत जाऊन ड्यूकची झूल काढायची. नाहीतर तो आत घामानं भिजतो आणि वारा पडल्यावर ओला गोठतो. कॅल्गरीतले लोक चिनूकला अंगरखे काढून फिरायला जातात. आमच्याकडे त्या दिवशी सगळं वितळतं आणि रात्री आरसा होतो. टाकीपासून निवाऱ्यापर्यंतच्या वाटेवर मी चुलीची राख, वाळू आणि जुनी लीद पसरते. लीद सगळ्यात उत्तम, बर्फात घट्ट रुतून बसते.

नाल आम्ही ऑक्टोबरात काढून टाकतो. नालेच्या कडीत बर्फ दाबला जाऊन गोळे होतात आणि घोडा उंच टाचांवर उभा राहिल्यासारखा डगमगतो. अनवाणी खुराची पकड चांगली. नालबंद तरी दर सात-आठ आठवड्यांनी येतोच, खूर तासायला. ओल्या बर्फाच्या दिवसांत तळव्याला व्हॅसलिन फासते. खोबरेल तेल लावून बघितलं, पण ते इथे घरातसुद्धा बाटलीतून निघत नाही. उणे २० च्या खाली पेनीला पळवत नाही, नुसती चालवते. लोखंडी कडियाळं आधी खिशात ठेवून कोमट करावं लागतं, नाहीतर जिभेला चिकटेल.

ड्यूकचं सगळं वेगळं. सप्टेंबरात पशुवैद्य बाई त्याचे दात घासून देतात. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढांना टोकं येतात, चारा नीट दळला जात नाही, आणि अर्धवट चावलेले बोळे तोंडातून खाली पडतात. असे बोळे दिसायला लागले तेव्हापासून त्याच्या सुक्या चाऱ्याच्या जागी भिजवलेला चारा. साखर काढून उरलेला बिटाचा चोथा, लसूणघासाचे दाबलेले ठोकळे आणि म्हाताऱ्या घोड्यांसाठीच्या गोळ्या, हे सगळं गरम पाण्यात तासभर. ठोकळे फुगून बादलीभर होतात. झाकण काढलं की वाफेबरोबर गोडसर मातकट वास येतो, आणि ड्यूक, जो एरवी मला बघून कानही हलवत नाही, कुंपणाशी येऊन खिंकाळतो. पेनीला तोवर दुसऱ्या कप्प्यात बांधून ठेवावं लागतं, नाहीतर पहिला घास तिचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हिवाळी केस जूनपर्यंत झडलेच नाहीत. ते बघून रक्त तपासलं, तर मेंदूतल्या एका ग्रंथीचा म्हातारपणी होणारा विकार निघाला. आता रोज एक गोळी आहे, ती सफरचंदाच्या फोडीत लपवून देते. गोळीनं केस वेळेवर झडायला लागले, पण पाठीवरचं मांस परत आलं नाही. गेल्या ऑक्टोबरात वजनाची पट्टी छातीभोवती गुंडाळली तेव्हा ४६० किलो होता. यंदा एप्रिलमध्ये ४२५. खाणं कमी झालेलं नाही, झूल होती, दात केलेले होते.

थकलेल्या घोड्याला मरण द्यायचा निर्णय इथे घोडेवाली माणसं शरदात घेतात, जमीन अजून मऊ असते तेव्हा. आजीबाईंनी त्यांचे दोन घोडे असेच ऑक्टोबरात निरोप देऊन पाठवले, आणि त्याबद्दल त्या सरळ बोलतात: जानेवारीच्या रात्री बर्फात पडलेल्या, उठता न येणाऱ्या घोड्यापाशी त्यांना पुन्हा बसायचं नाही. आईला हे मी सांगितलेलं नाही. ड्यूकरावांचं वजन किती भरलं, एवढंच ती विचारते, आणि मी खरा आकडा सांगते. उन्हाळ्यात तो चांगला चरतोय, अर्थात गवतातल्या साखरेपायी त्या आजारात त्याला फार वेळ सोडता येत नाही. पशुवैद्य बाई सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत, दातांसाठी. त्याच वेळी पट्टी लावू, रक्त घेऊ. ४५० च्या वर असेल तर त्याच्या वाट्याचा बिटाचा चोथा मागवते, नसेल तर त्या दिवशी बोलायचं ठरलंय.